शाल-श्रीफळ झालं, प्रदर्शन कुणी पाहिलं? वाचनालयाच्या कार्यक्रमात या चुका टाळा

निफाड तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी अकरा वर्षं आहे. खाली पुस्तकांची देवघेव, वर अभ्यासिका, पुढे पत्र्याची शेड, एवढाच आमचा संसार. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केल्यात, काही तर दोन-दोनदा.

तारीख कॅलेंडरवरून नव्हे, गावावरून ठरवा

27 फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि मराठी भाषा गौरव दिन. नाशिक जिल्ह्यात त्या दिवशी वक्ता मिळणं म्हणजे लग्नसराईत आचारी मिळण्यासारखं आहे. त्यातून द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असतो. व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी असताना कवितावाचनाला कोण येणार? घरात बारावीचं पोर असेल तर आईसुद्धा येत नाही. आम्ही तीन वर्षं त्याच त्या तीसेक डोक्यांसमोर कार्यक्रम केला आणि 'लोकांना वाचनाची आवडच राहिली नाही' म्हणून एकमेकांचं समाधान केलं. मग प्रदर्शन 20 तारखेलाच मांडायला लागलो, सात दिवस उघडं ठेवायचं, आणि 27 ला रात्री जेवणं आटोपल्यावर फक्त वाचन, तेही गावातल्याच माणसांचं. वक्ता शोधायची कटकट संपली आणि खुर्च्या कमी पडल्या.

15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचंही तसंच. शाळा येतात, पण बागायतदार त्या सुमाराला छाटणीत असतो. 23 एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन आमच्याकडे जास्त चालतो, कारण तोवर परीक्षा आणि द्राक्षं दोन्ही उरकलेली असतात. फक्त वेळ संध्याकाळची घ्या. नाशकात मे महिन्यात गोदाकाठच्या पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते, ती संध्याकाळी आणि उघड्यावर. आम्ही मात्र एकदा भर मेमध्ये दुपारी चारला पत्र्याखाली माणसं बोलावली होती.

निमंत्रणपत्रिकेबद्दल एकच सांगतो. वीस नावं छापा, कुणाचा मान राहायचा तो राहू द्या, पण मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रात ठिकाण, वेळ आणि 'प्रदर्शन किती तारखेपर्यंत' हे सर्वांत मोठ्या अक्षरात हवं.

उद्घाटनातच प्रदर्शन संपतं

पाहुणे पाऊण तास उशिरा. प्रतिमापूजन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय समारोप. शेवटी फीत कापून पाहुणे टेबलांवरून एक नजर फिरवतात, फोटो होतो, आणि मंडळी चहा-पोह्यांकडे वळतात. दुसऱ्या दिवशी टेबलं उचललेली. अडीच तासांच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष प्रदर्शन बघायला दहा मिनिटं.

आम्ही क्रम उलटा केला. प्रदर्शन सकाळी आठला उघडतो, उद्घाटन संध्याकाळी. तोवर शाळेची दोनशे मुलं बघून गेलेली असतात आणि पाहुण्यांनी उशीर केला तरी कुणाचं अडत नाही. चहा प्रदर्शनाच्या पलीकडच्या टोकाला ठेवतो. म्हणजे चहापर्यंत जायचं तर टेबलांच्या मधून जावं लागतं. सांगायला जरा ओशाळवाणं वाटतं, पण सर्वांत जास्त फरक याच युक्तीने पडला.

आणि ते ग्रंथपूजन. श्रद्धेबद्दल काही म्हणायचं नाही, पण कापडी बांधणीच्या जुन्या ग्रंथावर हळदकुंकू वाहिलं की तो डाग कायमचा. आमच्याकडच्या एका जुन्या शब्दकोशाच्या मुखपृष्ठावर असा लाल ठिपका आहे, त्याला लागून ओल्या झेंडूने फुगलेला कोपरा. आता पूजेला नवीन, सहज मिळणारं पुस्तक ठेवतो, त्यावर काच. समई पुस्तकांच्या टेबलापासून लांब, आणि पंखा तिच्या अंगावर येत नाही ना ते आधी बघून.

जुने कागद मांडताना

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण इथे झालेलं नुकसान भरून येत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही 'गोदेचे पूर' असं छोटं प्रदर्शन केलं. 1969 चा महापूर, 2008, 2016. नाशकात पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं यावर पूर मोजायची सवय सगळ्या जिल्ह्याला आहे, त्यामुळे विषय लोकांच्या तोंडी होता. घरोघरून फोटो आणि कात्रणं आली. एका आजींनी 1969 चे चार फोटो आणले, रुमालात बांधून. मी ते हौसेने ड्रॉइंग पेपरवर लावले. सेलोटेपने. कोपऱ्यांवर थेट फोटोच्या तोंडावरून.

प्रदर्शन संपल्यावर टेप ओढला, तर एका फोटोच्या कोपऱ्यातलं आकाश टेपबरोबर निघून आलं. दुसऱ्यावरचा टेप भीतीने तसाच ठेवला. काही महिन्यांनी तो पिवळा पडला आणि त्याचा चिकट डाग कागदात उतरला. सेलोटेपचा गोंद हवेने आणि उजेडाने बदलत जातो, मग कागदाच्या तंतूंत शिरतो. आजी काही बोलल्या नाहीत. फोटो परत रुमालात बांधले आणि निघाल्या. त्यानंतरच्या प्रदर्शनाला त्यांच्या घरून काहीच आलं नाही.

तेव्हापासूनचा नियम: मूळ वस्तू त्याच दिवशी परत, प्रदर्शनात नक्कल. फोटो मालकाच्या समोर 600 डीपीआयवर, म्हणजे बारकावे नीट टिपले जातील असा, स्कॅन करायचा आणि तो लगेच त्यांच्या हातात द्यायचा. नक्कल मोठी छापता येते, हा वरचा फायदा. मूळच ठेवायचं असेल तर कागदाचे छोटे त्रिकोणी खिसे करून कोपरे त्यात सरकवा, म्हणजे गोंद फोटोला लागतच नाही. स्टेपलरच्या पिना पावसाळ्यात गंजतात आणि कागदावर तांबूस ठसा सोडतात. 'कायमचं जपायचं' म्हणून लॅमिनेशन तर मुळीच नको. ते उष्णतेने चिकटतं आणि पुन्हा सुटत नाही.

टेप आधीच लागला असेल तर? नवा असेल तर वर न उचलता कागदाला जवळजवळ समांतर धरून अगदी सावकाश मागे न्या. जुना, पिवळा झालेला असेल तर हात लावू नका. ते काम कागद-संवर्धनाच्या जाणकाराचं.

उजेडाचंही भान हवं. जुन्या कागदासाठी संग्रहालयात साधारण 50 लक्सची (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात, म्हणजे बऱ्यापैकी मंद. आमच्या शेडमध्ये दुपारी तीननंतर ऊन थेट टेबलावर यायचं. जाड पडदा लावला, प्रश्न मिटला. उजेडाने फिकं पडलेलं पुन्हा गडद होत नाही. जुनं पुस्तक उघडून ठेवताना ते सपाट दाबू नका, पुठ्ठ्याचे दोन उतार करून त्यावर अर्धवट उघडं ठेवा, नाहीतर कणा तडकतो. आणि आठवडाभर एकच पान उघडं नको.

घेतलेल्या प्रत्येक वस्तूची पावती द्या: वर्णन, आधीच असलेले डाग-फाटे, परतीची तारीख, दोघांच्या सह्या. 'आपलीच माणसं आहेत, पावती कसली' हे वाक्य आमच्या बैठकीत एकदा झालं, आणि पुढे एक कात्रण हरवल्यावर ते कुणी म्हटलं होतं तेही कुणाला आठवेना.

कवितांचे फलक आणि परवानगी

भाषा दिनाला सगळीकडे कवितांचे फलक लागतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं लेखनावरचा हक्क (कॉपीराइट) टिकतो. 1905 साली गेलेल्या केशवसुतांची कविता मोकळी आहे, 1999 साली गेलेल्या कुसुमाग्रजांची अजून कित्येक वर्षं नाही. पूर्ण कविता मोठी छापून लावायची तर प्रकाशकाला किंवा हक्कधारकाला पत्र टाका. वाचनालयाच्या लेटरहेडवर विचारलं तर आम्हाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. सिनेमा दाखवायचा असेल तर मात्र पेन ड्राइव्हवर मिळाला म्हणून दाखवू नका, जाहीर खेळाची परवानगी वेगळी लागते.

वरच्या मजल्यावरची पोरं

अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सहापासून बसलेली असतात, महिन्याची फी भरून. खाली 'माइक टेस्टिंग, हॅलो' सुरू झालं की वर काय होतं ते जिना चढून एकदा ऐका. आम्ही कधीच चढलो नव्हतो. आता चार दिवस आधी सूचना लावतो, त्या संध्याकाळपुरत्या शाळेच्या दोन वर्गखोल्या मिळवतो, आणि ज्यांना जमेल त्यांना प्रदर्शनाच्या पाळ्या देतो. मांडलेल्या वस्तूंच्या माहितीच्या चिठ्ठ्या लिहायला त्यांच्याइतकं सुवाच्य अक्षर गावात कुणाचं नाही. माइक शिट्टी मारत असेल तर आवाज कमी करत बसू नका. स्पीकर वक्त्याच्या पाठीमागे ठेवलेला असेल, तो पुढे आणा.

'हे घरी नेता येईल का?'

प्रदर्शन बघणारा हा प्रश्न विचारतो तेव्हा आपलं काम झालेलं असतं. आणि आपण सांगतो, 'प्रदर्शन संपल्यावर या.' तो येत नाही.

सर्वांत वाईट फजिती दिवाळी अंकांच्या वेळी झाली. 1909 च्या 'मनोरंजन' मासिकाच्या दिवाळी अंकापासूनची परंपरा वगैरे सांगणारा झकास फलक केला, शंभरावर अंक मांडले आणि आठ दिवस तिथेच ठेवले. सभासदांनी दिवाळी अंक योजनेचे वेगळे पैसे भरलेले. दुसऱ्याच दिवशी देवघेवीच्या खिडकीवर आवाज चढला, 'अंक बघायला ठेवलेत की वाचायला?' ग्रंथपाल बिचारा कार्यवाहांकडे बोट दाखवत होता, कार्यवाह माझ्याकडे.

आता टेबलावर फक्त मुखपृष्ठांच्या रंगीत प्रती असतात, अंक खिडकीतून फिरत राहतात. शेजारी एक साधी वही, अंकाचं नाव आणि आपलं नाव लिहायचं, पाळी आली की फोन. सभासद नसलेल्यासाठी अर्ज त्याच टेबलावर, पेन दोऱ्याने बांधलेलं. गेल्या दिवाळीला वहीची सहा पानं भरली. त्यातला एक अंक अजून परत आलेला नाही. नेणाऱ्याचा दंड अंकाच्या किमतीच्या पुढे गेलाय, आणि फोन केला की म्हणतो, 'बायकोचं वाचून व्हायचंय.'