वहीत न लिहिला जाणारा तोटा

काटोलहून नागपूरला आले तेव्हा माझ्याजवळ वाणिज्य शाखेची पदवी, टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीचे प्रमाणपत्र आणि गांधीबागेतील एका ठोक कापड दुकानातील हिशेबनिसाची नोकरी एवढेच होते. ते साल २०१६. पहिले आठ-नऊ महिने मी दुकानात जवळजवळ एकही प्रश्न विचारला नाही. आढत म्हणजे दलाली कशी कापतात, बिल्टी म्हणजे मालवाहतुकीची पावती आल्यावर माल आणि कागद कसे जुळवतात, उधारीची मुदत ग्राहकागणिक वेगळी का असते, यांतले काहीच मला नीट ठाऊक नव्हते. पण विचारले तर आपले अज्ञान उघड होईल, या भीतीने मी जुन्या वह्या चाळून अंदाज बांधत असे. कोणी रागावले नाही, कोणी चूक काढली नाही, त्यामुळे आपले बरे चालले आहे असे मला वाटत राहिले.

माझ्यानंतर सहा महिन्यांनी एक मुलगा कामाला लागला. शिक्षणाने तो माझ्यापेक्षा कमी होता, पण पहिल्याच दिवसापासून तो मुनीमकाकांच्या शेजारी बसून दिसेल त्या गोष्टीबद्दल विचारू लागला. काका कधी वैतागत, कधी सगळ्यांसमोर बोलत, आणि तो थोडा वेळ गप्प बसून पुन्हा विचारी. पुढच्या दिवाळीच्या आधी शेठजी सुरतेला खरेदीला निघाले तेव्हा सोबत त्याला घेऊन गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा उमगले की सुरक्षित राहण्यासाठी मी जे टाळत होते, त्याची किंमत मी रोज मोजत होते. फक्त ती कुठे लिहिली जात नव्हती.

हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार लवकर कळायला हवी होती. धाडस करून फसलो तर तो तोटा लगेच नावे पडतो, तारखेसह दिसतो आणि लोकांनाही दिसतो. धाडस केलेच नाही तर जे मिळाले असते ते कोणत्याच खात्यावर येत नाही, म्हणून ते नव्हतेच असे आपण समजतो. त्यात आपल्या मनाचा काटाही सरळ नसतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा एक मुख्य भाग असा आहे की, तेवढ्याच रकमेच्या लाभाने जितका आनंद होतो त्याहून तिच्या हानीचे दुःख माणसाला अधिक वाटते. त्यांच्या पुढच्या अभ्यासात हे प्रमाण दुपटीच्या आसपास आले. म्हणजे नव्या नोकरीत प्रश्न विचारण्याची लाज आपल्याला तिच्या खऱ्या वजनापेक्षा बरीच जड वाटते. हे माहीत असले की लाज नाहीशी होत नाही, पण तिने सांगितलेल्या वजनातून थोडे वजा करता येते.

मला ती संधी २०१७ च्या उन्हाळ्यात मिळाली. १ जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू होणार होता आणि कापडावर पाच टक्के कर बसणार होता. कापडाच्या व्यापाऱ्यांना या करासाठी भराव्या लागणाऱ्या विवरणपत्रांची सवय नव्हती. सुरतच्या बाजारात तर जुलैत संप झाला. आमच्या दुकानातही अस्वस्थता होती. मुनीमकाकांचा सगळा हिशेब हाताने लिहिलेला, आणि बाहेरच्या कर सल्लागाराकडे काम द्यावे तर आमच्या मालाच्या बारीकसारीक बाबी त्याला कोण समजावणार, हा शेठजींचा प्रश्न होता. ‘हे काम मी शिकून करते’ असे म्हणावे, हा विचार माझ्या मनात तीन दिवस होता.

तिसऱ्या रात्री नंदनवनच्या खोलीवर मी एका जुन्या बिलाच्या पाठीमागे लिहून काढले: काम जमले नाही तर नेमके काय होईल? शेठजी काम काढून घेतील. काका काही दिवस बोलतील. अगदी वाईट म्हणजे नोकरी जाईल, आणि माझ्याजवळ तीन महिन्यांचे भाडे व जेवणाचे पैसे शिल्लक होते. तीन महिन्यांत इतवारीत किंवा कळमन्याच्या बाजारात टॅली येणाऱ्या मुलीला दुसरे काम मिळणे अवघड नव्हते. एवढे लिहून झाल्यावर भीती गेली असे मी म्हणणार नाही, पण तिला आकार आला. आपल्या भाषेत जोखणे म्हणजे वजन करणे, आणि माझ्या मनात तेव्हापासून जोखीम हा शब्द त्या जोखण्याशी बांधला गेला आहे. नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला मी हेच करायला सांगते: मनात घोळवू नका, कागदावर लिहा, आणि शक्य तिथे रुपयांत व दिवसांत लिहा.

शेठजी ‘करून पाहा बेटा’ एवढेच म्हणाले. पुढचे काही महिने रविवारी मी महालातल्या एका कर सल्लागाराच्या कचेरीत बसून शिकत होते. तरीही चूक झालीच. दुसऱ्या राज्यातून माल आला की त्यावर एकात्मिक कर लागतो, आणि राज्यातल्या राज्यात खरेदी असली तर केंद्राचा व राज्याचा असे दोन वेगळे कर लागतात; त्यांची खाती वेगळी असतात. सुरतेहून आलेल्या काही बिलांवर भरलेल्या कराची वजावट मी एका महिन्यात राज्यांतर्गत खरेदीच्या खात्यांत दाखवली. एकूण आकडा बरोबर होता, पण खाते चुकीचे होते. मासिक विवरणपत्र एकदा दाखल झाले की त्यात बदल करता येत नसे, चूक पुढच्या महिन्यात सुधारून घ्यावी लागे. ती चूक माझ्याशिवाय कोणाच्याही लक्षात आली नव्हती.

या लेखात सांगण्यासारखी सर्वांत मोठी जोखीम मला ती चूक स्वतःहून सांगण्याचीच वाटते, काम मागून घेण्याची नव्हे. सकाळी दुकान उघडल्यावर मी शेठजींसमोर सुरतेची बिले आणि विवरणपत्र ठेवले, काय चुकले ते सांगितले आणि दुरुस्ती कशी करणार तेही सांगितले. ते रागावले, आणि तसे रागावणे रास्तच होते. परंतु त्यानंतर त्यांनी माझे विवरणपत्र दुसऱ्याकडून तपासून घेणे बंद केले. लपवलेली चूक वर्षभराने सापडली असती तर माझ्या प्रत्येक आकड्यावर संशय आला असता. सांगितलेल्या चुकीने माझ्या इतर आकड्यांना साक्ष मिळाली. चूक सांगताना दुरुस्तीचा मार्गही सोबत न्यावा, एवढे मात्र मी आवर्जून सुचवीन.

आमच्या बाजारापासून थोड्याच अंतरावर, शुक्रवारी तलावाच्या बाजूला, एम्प्रेस मिल उभी होती. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये पंधरा लाख रुपये भांडवलाची कंपनी स्थापून १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू केली, तेव्हा कापडगिरणी म्हणजे मुंबई असाच समज होता. नागपूरला जाण्याचा निर्णय लोकांना धाडसाचा वाटला असेल, पण तो आंधळा नव्हता: कापूस पिकवणारा मुलूख जवळ होता, रेल्वे आलेली होती आणि वरोऱ्याचा कोळसा हाताशी होता. पुढे इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये सूत कातण्याच्या जुन्या म्यूल चात्यांचा दबदबा असताना त्यांनी इथे नव्या पद्धतीच्या रिंग चात्या आणल्या, त्याही आधी मोजक्या यंत्रांवर चाचणी घेऊन. लहान प्रमाणावर करून पाहणे आणि मग वाढवणे, ही रीत पगारदार माणसालाही वापरता येते. नवे काम आवडेल की नाही हे ठाऊक नसेल तर नोकरी सोडण्याआधी चार रविवार ते करून पाहावे.

जोखमीच्या नावाखाली जे काही खपवले जाते, त्यापासून मात्र तरुणांना मी कळकळीने सावध करते. माझ्या ओळखीच्या दोघांनी पगारातली बचत शेअर बाजारातील फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या किमतींवर केलेल्या सौद्यांत, लावली आणि ती संपली. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. ज्यात हरण्याची शक्यता इतकी आहे आणि हरल्यावर शिकण्यासारखे फारसे काही उरत नाही, त्याला मी जोखीम म्हणत नाही. दुसऱ्याच्या पैशावर, स्वतःच्या आरोग्यावर किंवा आपल्या सहीवरही डाव लावू नये. एका व्यापाऱ्याने मला माल न देता केवळ बिल फिरवण्याचे काम सुचवले होते. मी नाही म्हटले आणि तो ग्राहक तुटला. त्या नकारातही जोखीम होती, पण ती घेताना मला कागदावर काही लिहावे लागले नाही.

पगारवाढ मागणे, बैठकीत वेगळे मत मांडणे, अनोळखी ग्राहकाला स्वतःहून फोन लावणे, अशा लहान गोष्टींनी हात बसतो. पहिल्यांदा पगार वाढवून मागितला तेव्हा माझा आवाज कापत होता, आणि उत्तर नकाराचे आले. सहा महिन्यांनी पुन्हा मागितला तेव्हा सोबत केलेल्या कामाचा तक्ता होता, आणि निम्मी वाढ मिळाली. पहिला नकार न पचवता दुसऱ्यांदा मागण्याची हिंमत माझ्यात आली असती असे मला वाटत नाही.

येत्या एप्रिलपासून मी महालात एक लहान खोली भाड्याने घेऊन स्वतःचे काम सुरू करत आहे. शेठजींचे दुकान हाच माझा पहिला ग्राहक असेल, दुसरे दोघे ठरले आहेत. खोलीचे भाडे, विजेचे बिल आणि घरखर्च मिळून आठ महिन्यांचे पैसे बाजूला काढून ठेवले आहेत, आणि आठव्या महिन्याच्या शेवटी ग्राहक पाचपेक्षा कमी असतील तर पुन्हा नोकरी शोधायची, असे त्या बिलाच्या पाठीमागे मी तारखेसह लिहून ठेवले आहे.