दहावीनंतर आयटीआय: पुढचा पगार कशानं ठरतो

मी सव्वीस वर्षं सोलापुरात आयटीआयत फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो. निम्मी पोरं पूर्व भागातली. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. प्रवेशाच्या दिवसांत सगळ्यांचा एकच प्रश्न, "सर, पोराला पगार किती मिळंल?" माझं उत्तर आजही तेच आहे: त्याचा हात यंत्राला किती तास लागणार, ते आधी बघा.

अभ्यासक्रम बदलत राहतो. 2013 ला सेमिस्टर आलं, 2018 ला परत वार्षिक पद्धत आली. वर्षाला 1,600 तास होते, ते 2022 च्या अभ्यासक्रमात 1,200 झाले. त्यातलं प्रात्यक्षिक 840 तासांचं. म्हणून फॉर्म भरण्याआधी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहा. तुकडीत 20 मुलं असतात, तर चालू लेथ किती? लेथवर काम पकडणाऱ्या चकला गंज आहे का? खाली लोखंडाचा ताजा कीस पडलाय का? जिथं फरशी चकचकीत, तिथं काम होत नाही. शिकणाऱ्या एखाद्या मुलाला त्यानं स्वतः घासलेला जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, दाखवायला सांगा, व्हर्नियर (बारीक माप घेण्याचं साधन) लावून माप घेता येतं का बघा. वर्षाला 150 तास कारखान्यातल्या कामाचे किंवा ग्रुप प्रोजेक्टचे असतात. ते नुसत्या सहीवर भागवू देऊ नका. चिंचोळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत स्वतः जाऊन विचारा.

कोर्स लांबला म्हणजे पगार वाढला, असंही नाही. स्वीडननं 1987 पासून काही ठिकाणी दोन वर्षांचे व्यवसाय अभ्यासक्रम तीन वर्षांचे करून पाहिले, सामान्य विषय वाढवले, 1991 ला ते देशभर नेलं. त्या प्रयोगातल्या मुलांचे पगार पुढं वाढलेले दिसले नाहीत. अभ्यासात मागं असलेली मुलं मात्र जास्त गळाली. हे वाचलं तेव्हा माझीच काही पोरं डोळ्यांसमोर आली.

खरी कमाई ॲप्रेंटिसशिपची, म्हणजे कारखान्यात काम करत शिकण्याची. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. 2019 च्या नियमांत आयटीआयवाल्याचं किमान विद्यावेतन महिना 7,000 रुपये ठरलं होतं. पण करार सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलाय का, ते पहिल्याच आठवड्यात तपासा. माझा एक हुशार विद्यार्थी एका वर्कशॉपात वर्षभर राबला. नोंदणीच नव्हती, त्यामुळे परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. दुसऱ्या ठिकाणी तो पुन्हा नवशिक्याच्या पगारावर लागला. मी वेळेवर विचारलं नाही, याची बोच अजून आहे. रेल्वेच्या कुर्डुवाडी वर्कशॉपच्या जागांवरही लक्ष ठेवा. रेल्वेत ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल 1 (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात.

आणि दोन वर्षांच्या ट्रेडबरोबर बोर्डाची भाषेची परीक्षा द्या, बारावीची समकक्षता मिळते. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही दोन वर्षांच्या ट्रेडवाल्याला मोकळी असते. भाषेचा फॉर्म आयटीआयत असतानाच भरा. एकदा शिफ्ट सुरू झाली की पोरं पुस्तक उघडत नाहीत.