बचत गटाच्या बैठकीत फॉरवर्ड तपासायला कसं शिकवायचं

वेगळं शिबिर भरवायच्या फंदात पडू नका, निम्म्या जणी येतच नाहीत. गटाच्या मासिक बैठकीत हजेरी आणि वसुली उरकली की पाऊण तास मागून घ्या. दहा-बारा जणींत चार-पाच स्मार्टफोन पुरतात, पण ते त्यांचेच हवेत. पडद्यावर पाहिलेलं घरी गेल्यावर बोटांना आठवत नाही. रेंजचा भरवसा नसतो, म्हणून नमुन्याचे मेसेज आदल्या दिवशीच स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सुरुवात लिंकपासून करा. तिथे पैसा जातो, त्यामुळे कान आपोआप टवकारतात. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचंच उदाहरण घ्या. पत्त्याच्या सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडायच्या, पुढची पहिली एकटी तिरपी रेघ शोधायची आणि तिच्या लगेच अलीकडे काय आहे ते पाहायचं. तिथे ‘डॉट गव्ह डॉट इन’ असेल तर संकेतस्थळ सरकारी. ‘गव्ह-इन डॉट एक्सवायझेड’ दिसलं तर ती लिंक उघडायचीच नाही: मध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ आहे आणि शेवट भलताच. इंग्रजी वाचता येत नसेल तर ती सरकारी शेपटी टिंबांसकट कागदाच्या पट्टीवर ठळक छापून द्या. पट्टी पत्त्याखाली धरून अक्षर न् अक्षर जुळवायला दोन मिनिटं लागतात. ‘कुलूप दिसतंय म्हणजे सुरक्षित’ हे मात्र शिकवू नका. ते कुलूप भामट्यांनाही फुकट मिळतं.

ई-चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाचा शेवट ‘डॉट एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हे, ॲप आहे. हात लावायचा नाही.

आता व्हिडिओ. इथे घाई करू नका. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. ते भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्या काळात देशभर फिरलेला मोटारसायकलवरून मूल उचलण्याचा व्हिडिओ मुळात कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेचा होता. मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात, तो शेवट कापलेला होता. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायला लावा: याच्या आधी आणि नंतर काय झालं असेल?

मग तपासणी. व्हिडिओ थांबवून दोन-तीन ठिकाणी स्क्रीनशॉट काढायचे, वरखालच्या पट्ट्या कापायच्या आणि गूगल ॲपमधल्या कॅमेऱ्याच्या चिन्हातून तो फोटो शोधायचा. बहुतेकींचं इथेच फसतं, कारण त्या चेहऱ्याचा किंवा धावपळीचा धूसर फोटो घेतात. दुकानाची पाटी, बसचा रंग, गाडीची नंबरप्लेट दिसेल तिथे थांबवा. निकालातला सगळ्यात जुना दिनांक पाहा. ‘कालचा’ व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीही सापडला तर विषय संपला. काहीच सापडलं नाही म्हणजे खरं, असं मात्र नव्हे.

व्हॉट्सॲपच्या मेसेजवर दिसणाऱ्या दुहेरी बाणाचा अर्थही सांगा: मेसेज निदान पाच हातांतून फिरून आलाय, आणि तो एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. पण मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण गायब होतो. बाण नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

खोटा मेसेज मोठ्याने वाचून ‘हे खोटं आहे’ म्हणू नका. महिन्याभराने ‘खोटं’ विसरलं जातं, मेसेज तेवढा लक्षात राहतो. आधी खरी माहिती सांगा, मग अफवा एकदाच, मग पुन्हा खरी माहिती.

घरच्या ग्रुपवर सासऱ्यांनी किंवा मामांनी काही टाकलं तर चारचौघांत खोडू नये, ते हट्टाला पेटतात. स्वतंत्र मेसेज करावा: ‘मामा, हा व्हिडिओ जुना निघाला, ग्रुपवरून काढता का?’ सगळ्यांसाठी डिलीट करायला वेळेची मर्यादा असते, तेव्हा हे त्याच दिवशी करावं.

आणि पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नये. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावायचा. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी हवा, म्हणून बँकेचा एसएमएस डिलीट करायचा नाही.