पॉलिटिकल सायन्स किंवा क्रिमिनल जस्टिसची डिग्री: प्लॅन शेवटच्या सेमिस्टरपासून उलटा लावा

दर वर्षी जुलै-ऑगस्ट आला की मला दोन-तीन फोन ठरलेले. "काका, ॲडमिशन झाली, आता कुठले कोर्स घेऊ?" मी इथे टेक्सासमधे पॉलिटिकल सायन्स आणि क्रिमिनल जस्टिस (पोलिस, कोर्ट, तुरुंग यांचा अभ्यास) असा डबल मेजर, म्हणजे एका डिग्रीत दोन मुख्य विषय, केलाय, नंतर पुतणीचा, शेजारच्या दोन पोरांचा, मंडळातल्या एकाच्या भाच्याचा असे बरेच प्लॅन लावून दिलेत. त्यामुळे "आधी १२० क्रेडिट्स मारा, बाकीचं होतं ॲडजस्ट" असं कुणी सांगितलं की माझं डोकं सटकतं. १२० ही नुसती बेरीज आहे हो. डिग्री मिळते ती त्याखालचे सगळे खाने, म्हणजे सक्तीच्या विषयांच्या अटी, भरले की. १२८ क्रेडिट झाले आणि एक खाना रिकामा राहिला तर सर्टिफिकेट नाही, विषय संपला.

पहिलं काम, कॅटलॉग, म्हणजे कॉलेजचं कोर्स आणि डिग्रीच्या अटींचं पुस्तक. तुमची ॲडमिशन ज्या वर्षीची, साधारण त्या वर्षीचाच कॅटलॉग तुम्हाला लागू होतो, वेबसाइटवर आज दिसतोय तो नाही. उतरवून ठेवा, झालं.

मग कोअर, म्हणजे मेजर कुठलाही असो, सगळ्यांना सक्तीचे विषय. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत कोअरचे ४२ क्रेडिट्स असतात, त्यात ६ गव्हर्नमेंटचे आणि ६ अमेरिकन हिस्टरीचे, हे राज्याच्या कायद्यानेच आहे, इंजिनिअरिंगवाल्यालाही चुकत नाही. गव्हर्नमेंटचे दोन कोर्स म्हणजे २३०५ नंबरचा फेडरल (केंद्र सरकार) आणि २३०६ नंबरचा टेक्सास. हायस्कूलमधे एपी गव्हर्नमेंटला (कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणारी परीक्षा) चांगला स्कोअर आला म्हणून दोन्ही सुटले असं समजणारे दर वर्षी भेटतात. त्या परीक्षेत टेक्सासच्या राज्यघटनेचा काही संबंधच नसतो, तो भाग राहतोच.

कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे स्वस्तातल्या दोन वर्षांच्या कॉलेजातून, पहिली दोन वर्षं काढून येणार असाल तर उत्तम, पैसे वाचतात. क्रिमिनल जस्टिसचे १३०१, १३०६, १३१०, २३१३ आणि २३२८ हे पाच तिथेच उरकून घ्या. नंबरमधला पहिला आकडा लेव्हलचा, दुसरा क्रेडिट्सचा, हे एकदा कळलं की अर्धा कॅटलॉग आपोआप वाचता येतो. फक्त क्रेडिट "ट्रान्सफर झालं" आणि क्रेडिट "लागलं" यात फरक आहे. युनिव्हर्सिटी तुमचा कोर्स घेते आणि इलेक्टिव्हमधे (ऐच्छिक विषयांत) टाकून देते, बेरीज वाढते, खाना तसाच. आणि कम्युनिटी कॉलेजचे कोर्स पडले १०००-२००० लेव्हलचे, ते अपर लेव्हलमधे (३०००-४०००) मोजत नाहीत, तुम्ही कितीही वाद घाला. शिवाय इथल्या मान्यतेच्या नियमाप्रमाणे डिग्रीचे किमान २५ टक्के क्रेडिट्स डिग्री देणाऱ्या कॉलेजातच करावे लागतात.

आता खरी गोम. रिसर्च मेथड्स, म्हणजे संशोधन कसं करायचं ते शिकवणारा कोर्स.

दोन्ही मेजरमधे हा कोर्स बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो आणि तो एकटा येत नाही, आगगाडीसारखा येतो. आधी गणित, मग स्टॅटिस्टिक्स, मग मेथड्स, मग शेवटचा सेमिनार किंवा कॅपस्टोन (डिग्रीचा समारोपाचा कोर्स). मागच्या डब्याला सी ग्रेड नसेल तर पुढच्यात चढू देत नाहीत. म्हणजे चार डबे, चार सेमिस्टर. त्यात भर म्हणजे बऱ्याच डिपार्टमेंटमधे मेथड्स फक्त फॉलमधे (ऑगस्ट ते डिसेंबर) असतो. पोरं काय करतात, "आकडेमोड नको, नंतर बघू" म्हणून पहिली दोन वर्षं इंट्रो टु अमुक, इंट्रो टु तमुक घेत बसतात आणि ज्युनिअर इयरच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, स्प्रिंगमधे (जानेवारी ते मे) जागी होतात.

मीही तसाच जागा झालो होतो. माझ्याकडे तेव्हा १०० च्या वर क्रेडिट्स होते, ॲडव्हायजरने स्क्रीनवर बघून "यू आर ऑन ट्रॅक" म्हटलेलं आणि मी खूश. स्टॅटिस्टिक्स झालंच नव्हतं. ते समरमधे उरकून फॉलमधे मेथड्स गाठला, पण कॅपस्टोनला जागा नाही, आणि क्रिमिनल जस्टिसच्या डिपार्टमेंटने वर सांगितलं की आमचा मेथड्स वेगळा, पॉलिटिकल सायन्सचा आम्हाला चालत नाही. तेच सॅम्पलिंग, तेच सर्व्हे, तोच रिग्रेशनचा धडा, फक्त उदाहरणात मतदाराच्या जागी कैदी! मे महिन्यात आईबाबा पुण्याहून येणार होते, तिकिटं काढून झाली होती. आले बिचारे, पण ग्रॅज्युएशन दुसऱ्याच्या पोरांचं बघून गेले. माझं डिसेंबरमधे झालं.

म्हणून माझी पद्धत एकच. कागद घ्या, एक्सेल नको, कागद. शेवटचं सेमिस्टर सगळ्यात वर लिहा, त्यात कॅपस्टोन टाका. त्याच्या आधीच्या फॉलमधे मेथड्स. त्याच्या आधी स्टॅटिस्टिक्स, आणि मधे एक सेमिस्टर मोकळं सोडा कारण कुणीतरी एकदा डी आणतोच. एवढं पक्कं झाल्याशिवाय बाकी एकही कोर्स लिहू नका. असं उलटं मोजलं की कळतं, स्टॅटिस्टिक्स उशिरात उशिरा तिसऱ्या वर्षाच्या फॉलमधे व्हायलाच पाहिजे. त्यातही एक सोय आहे, कोअरमधला गणिताचा खाना बऱ्याच कॉलेजांत १३४२ म्हणजे एलिमेंटरी स्टॅटिस्टिक्सने भरता येतो. कॉलेज अल्जेब्राच्या मागे लागून नंतर पुन्हा स्टॅटिस्टिक्स घेण्यापेक्षा एका दगडात दोन पक्षी. तुमच्या मेजरला चालतं का तेवढं बघून घ्या.

आणि डबल मेजरवाल्यांनो, एक मेथड्स दोन्हीकडे चालेल का हे पहिल्याच वर्षी दोन्ही डिपार्टमेंटना विचारा. तोंडी "हो हो, होईल" याला शून्य किंमत आहे. सब्स्टिट्यूशनचा (एका कोर्सच्या जागी दुसरा धरण्याचा) फॉर्म असतो, त्यावर सही घ्या, आणि डिग्री ऑडिटमधे, म्हणजे काय झालं काय राहिलं हे दाखवणाऱ्या ऑनलाइन तक्त्यात, तो खाना हिरवा झालेला स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हिरवा नाही तर झालेलं नाही. ॲडव्हायजर बदलतात, फॉर्म राहतो.

बाकीचं सोपंय. पॉलिटिकल सायन्समधे अमेरिकन पॉलिटिक्स, कंपॅरेटिव्ह, इंटरनॅशनल रिलेशन्स, थिअरी यातून थोडं थोडं घ्यायला लावतात, घ्या. बीए असेल तर फॉरेन लँग्वेज बहुधा लागते, तेव्हा मराठीची परीक्षा देऊन ती सुटेल का हे विचारायला लाजू नका. माझ्या पुतणीने विचारलंच नाही आणि दोन वर्षं स्पॅनिशची क्रियापदं घोकत बसली.

कोर्स ड्रॉप करताना हात आखडता ठेवा. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत अख्ख्या बॅचलर्समधे सहाच ड्रॉप मिळतात, आणि डिग्रीला लागतात त्यापेक्षा ३० क्रेडिट्स जास्त झाले की इथल्या रहिवाशांनाही जादा फी लावू शकतात. भारतातून एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) आलेल्यांनी तर सेमिस्टरला १२ क्रेडिट्सच्या खाली जायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिस गाठायचं, नंतर नाही, कारण प्रश्न ग्रेडचा नसतो, व्हिसाचा असतो. त्यांनी अजून एक लक्षात ठेवा, या दोन्ही मेजरची फेडरल एजन्सीतली नोकरी जवळपास सगळी नागरिकांसाठीच असते, सीनिअर इयरला (शेवटच्या वर्षी) कळून रडण्यात अर्थ नाही.

दोन गैरसमज जाता जाता. क्रिमिनल जस्टिसची डिग्री म्हणजे पोलिसाचं लायसन नाही, त्यासाठी अकॅडमी आणि राज्याची परीक्षा वेगळी. आणि लॉ स्कूलला "प्री-लॉ मेजर" लागत नाही, कुठलाही मेजर चालतो, तिथे तुमचा जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) बघतात. वकील व्हायचं म्हणून नावडता मेजर गळ्यात बांधून घेऊ नका.

शेवटचं, ग्रॅज्युएशनचा अर्ज स्वतः भरावा लागतो, कॉलेज आपणहून डिग्री देत नाही. त्याची तारीख साधारण सेमिस्टरच्या सुरुवातीलाच असते. अर्ज भरायच्या आदल्या सेमिस्टरला ऑडिट पुन्हा एकदा काढा, एखादा खाना लाल असेल तर त्याच दिवशी डिपार्टमेंटमधे जाऊन बसा, आणि आईबाबांची तिकिटं त्यानंतर काढा.