गावात शेतीचं अनुदान कुणाला मिळतं, ते यादी काढून बघा

मी गेवराई तालुक्यातल्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य. माझी चुलत जाऊ तीन एकर कापूस एकटीनं करते. नवरा वारला, सातबारा त्याच्याच नावावर राहिला आणि पीएम किसानचा हप्ता थांबला. "मग गावात पैसे मिळतात तरी कुणाला?" तिनं विचारलं. यादी काढायला मी तिथून शिकले.

सुरुवात पीएम किसानपासूनच करा. वेबसाइटवर 'फार्मर्स कॉर्नर'मध्ये 'बेनिफिशियरी लिस्ट' उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नावं समोर येतात. लॉगिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. छापून घ्या आणि आधी बायांची नावं मोजा.

मग भूलेख या सरकारी जमीन-नोंदींच्या वेबसाइटवरचे सातबारे घेऊन बसा. जमीन नावावर आहे पण यादीत नाव नाही, अशांवर खूण करा. काहींचं कारण नियमात सापडेल: आयकर भरणारे, महिना 10,000 किंवा जास्त पेन्शनवाले, 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन विकत घेतलेले. नवरा-बायकोत हप्ता एकालाच. उरलेल्यांत बहुतेक ई-केवायसी किंवा आधार-बँक जोडणीत अडकलेले निघतात. आमच्याकडे त्यातले बरेच ऊसतोडीला गेलेले असतात.

बटईनं करणारा मात्र यातल्या कोणत्याच कागदावर दिसत नाही. घाम त्याचा असला तरी पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला जातो. त्याच्यासाठी पारावर बसून, कुणाचं रान कोण करतं हे विचारून वहीत लिहावं लागतं. हे काम टाळू नका. माझ्या मते सगळ्यात मोलाची यादी हीच.

पीएम किसानचे हप्ते 2,000 रुपयांचे. मोठ्या रकमा ठिबक, यंत्रं, शेततळ्याच्या अनुदानात असतात. ठिबकला केंद्र आणि राज्य मिळून लहान शेतकऱ्याला 80 टक्के, इतरांना 75 टक्के अनुदान. पण कृषी खात्याच्या पूर्वसंमतीनंतर आधी आपल्या पैशानं घ्यायचं, बिल चढवायचं, मोका तपासणी व्हायची, मग रक्कम खात्यावर. ज्याच्याकडे विहीर नाही, पदरी पैसाही नाही, तो अर्जच करत नाही. म्हणून या अनुदानांच्या लाभार्थी यादीतलं प्रत्येक नाव जमिनीच्या आकाराशी ताडून बघा.

ही यादी माहिती अधिकारात मागा. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, पत्ता तालुका कृषी अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांचा. विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. मी असं लिहिलं: "मौजे अमुक येथील 2022-23 ते 2024-25 मधील अनुदान लाभार्थ्यांची यादी: नाव, गट क्रमांक, घटक, रक्कम, पूर्वसंमतीची तारीख." आधार आणि बँक खातं मागू नका, ते मागायचा आपल्याला हक्क नाही, आणि त्यावर बोट ठेवून सगळाच अर्ज फेटाळतात. मला एका कार्यालयानं तरीही "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार दिला. मी 30 दिवसांत पहिलं अपील केलं आणि कलम 4(1)(ख)(12) लिहिलं: अनुदान कार्यक्रमांच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायचा असतो. यादी मिळाली, पानाला 2 रुपये दरानं.

ती ग्रामसभेत वाचा, पण 26 जानेवारीला नको, तेव्हा अर्धं गाव ऊसतोडीच्या फडावर असतं. 15 ऑगस्टला वाचा. कुणाला चोर ठरवायला वाचू नका. राहिलेल्यांची नावं मोठ्यानं घ्या, आणि प्रत्येकापुढे काय अडलंय ते तिथंच लिहून घ्या.

वारसाला 1 फेब्रुवारी 2019 ची अट आडवी येत नाही, हे विधवा बायांना मुद्दाम सांगा. जावेनं मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला. फेरफार मंजूर झालाय; तिची नवी नोंदणी आता तालुक्याला तपासणीत आहे.