एका ब्रॉडबँडवर घरातले सगळे कॉम्प्युटर कसे चालवायचे

आमचं घर शिवाजी पेठेत, जुनं, खालच्या मजल्याच्या भिंती हातभर जाड. नेटचा डब्बा दारातून आत आल्या आल्या बसवलाय कारण नेटवाल्या पोरानं फायबर तिथपर्यंतच ओढली आणि "काका, हितंच रेंज भारी येतीय" म्हणून निघून गेला. आता दारात बसून कोण काम करतंय सांगा. वर भावाचा कॉम्प्युटर, त्याचं टॅलीचं काम, मागच्या खोलीत पोरीचा, माझा जिन्याखाली, वर एक प्रिंटर, मोबाईल तर मोजायलाच नकोत. एवढ्या सगळ्यांना एकच कनेक्शन पुरतं, फक्त जोडणी नीट पाहिजे.

आधी डब्बा उलटापालटा करून बघा. ज्यात फायबरची बारीक वायर शिरते त्याला ओएनटी म्हणतात आणि बऱ्याचदा राउटर (एक कनेक्शन सगळ्या मशीनना वाटणारा) त्याच्यातच असतो. मागे दोन-चार चौकोनी लॅन पोर्ट (घरातल्या वायरी खोचायची भोकं) आहेत आणि वायफायपण येतंय, तर तुमच्याकडे राउटर आहेच, दुकानात पळू नका. एकच पोर्ट असेल आणि वायफाय नसेल तर मात्र वेगळा राउटर घ्या. ओएनटीतून निघालेली वायर राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत यायचं भोक, बहुतेक वेगळ्या रंगाचं असतं) आणि कॉम्प्युटर लॅन पोर्टात. फायबरची वायर मात्र दुमडायची नाही, आत काच असते, मोडली की नेटवाल्याची वाट बघत बसा.

आता ब्राउझर उघडून राउटरचा पत्ता टाका, १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, नक्की कुठला ते राउटरच्या बुडाला स्टिकरवर छापलेलं असतं. आत गेल्यावर कनेक्शनचा प्रकार विचारतो. नेटवाल्यानं युजरनेम-पासवर्ड दिला असेल तर पीपीपीओई निवडून तो टाकायचा, आणि हा पासवर्ड वेगळा, वायफायचा वेगळा, राउटरमध्ये शिरायचा वेगळा. तिन्ही एका वहीत लिहून ठेवा. सगळं बरोबर टाकूनही नेट येत नसेल तर नेटवाल्याकडे जुन्या मशीनचा मॅक पत्ता (मशीनचा स्वतःचा ओळखनंबर) अडकलेला असू शकतो, फोन करून "नवीन राउटर लावलाय, मॅक काढा" एवढं सांगायचं.

पुढचं काम राउटर स्वतःच करतो. घरातल्या प्रत्येक मशीनला एकेक नंबर वाटतो, १९२.१६८.१.५, १.६ असे, आणि बाहेर सगळ्यांच्या वतीनं एकच पत्ता दाखवतो. वाटपाच्या या कामाला डीएचसीपी म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. कॉम्प्युटरचा नंबर १६९.२५४ नं सुरू होताना दिसला तर राउटरनं त्याला काही दिलेलंच नाही असं समजा, आणि आधी वायर बघा.

वायरबद्दल माझं मत पक्कं आहे. जो कॉम्प्युटर जागचा हलत नाही त्याला वायरच मारा, वायफाय मोबाईल आणि लॅपटॉपला ठेवा. हातभर भिंतीपलीकडे महागडा राउटरपण रडतो, वायरला भिंत काय करणार. वायर कॅट ६ जातीची घ्या नाहीतर कॅट ५ई, दोन्हींवर १ जीबीपीएस (म्हणजे १००० एमबीपीएस) जातं आणि १०० मीटरपर्यंत चालतं, एवढं लांब घर कुणाचं असतंय. भिंतीच्या कडेनं केसिंग पट्टीत घाला, लाईटच्या वायरीबरोबर एकाच पाइपात कोंबू नका.

इथं मी एकदा चांगलाच फसलो. प्लॅन २०० एमबीपीएसचा, पोरीच्या कॉम्प्युटरवर मात्र ९४ च्या वर आकडा जाईना. नेटवाल्याशी दोन दिवस भांडलो, तो बिचारा म्हणतोय "आमच्याकडनं पूर्ण हाय ओ". शेवटी विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेट उघडून बघितलं तर लिंक स्पीड १००/१००, पाहिजे होता १०००/१०००. वायरमध्ये आठ तारा असतात, १०० ला त्यातल्या चारच पुरतात, १००० ला आठही लागतात. क्लिप (वायरीच्या टोकाचा प्लास्टिकचा प्लग) कापून बघितली तर तपकिरी तार आत पोचलेलीच नव्हती, आणि ती क्लिप मारली होती मीच. म्हणून स्वतः क्लिप मारणार असाल तर हा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दाबायच्या आधी क्लिपच्या तोंडाकडनं बघा, आठही टोकं चमकली पाहिजेत. नाहीतर सरळ तयार वायर आणा.

वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही म्हणून लोक दुसरा राउटर आणतात आणि तसाच जोडतात, मग खालनं वरचा प्रिंटर दिसत नाही, आणि दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर नेटपण बोंबलतं. नव्या राउटरमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड (नुसतं वायफाय पुढं पोचवायचा) असेल तर तो निवडा, संपलं. नसेल तर खालच्याला जोडायच्या आधी त्याला एका कॉम्प्युटरला लावून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (खालचा १.१ असेल असं धरून), नव्या पत्त्यानं परत आत शिरून डीएचसीपी बंद करा, आणि मग खालच्याच्या लॅनमधनं येणारी वायर याच्याही लॅनमध्ये खोचा, वॅन पोर्ट रिकामा. नंबर वाटणारा घरात एकच पाहिजे.

वायफायच्या कुलपाचा प्रकार (सिक्युरिटी) डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, आणि राउटरचा अॅडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण पेठेत प्रत्येक घराचं त्यातच घुसतं, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंत आली की दमतं. राउटर लोखंडी कपाटामागं ठेवू नका, उंचावर मोकळा ठेवा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा, म्हणजे मे महिन्यात भाचेकंपनी आली की मेन पासवर्ड गल्लीभर होत नाही.

वळवाचा पाऊस गडगडायला लागला की राउटरचा अडॅप्टर काढायचा. गच्चीवरनं उघडी लॅन वायर नेलेली असेल तर तीपण काढा, विजेचा झटका तिच्यातनं पोर्टापर्यंत येतो. लाईट जायचा त्रास असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, पण घ्यायच्या आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा, बरेच १२ चे असतात, काही ९ चे.

आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहून लावा. आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या वायरी निघाल्या आणि वरनं भाऊ ओरडतोय "काय रं, नेट गेलं काय?", खाली मी चार सारख्या निळ्या वायरी हातात धरून उभा.