‘सून सगळं करते’ असं लिहिण्याआधी

इंग्लंडमधल्या काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, ॲडल्ट टीममध्ये (म्हातारी, आजारी, अपंग प्रौढ माणसं बघणाऱ्या) रुजू होणाऱ्या आपल्या एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्य शिकलेल्या) मंडळींसाठी हे लिहितेय. सोशल वर्क इंग्लंडची नोंदणी, व्हिसा, गाडीचं लायसन्स यातलं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. मला जे नडलं तेवढंच सांगते. ते लांबेल, पण लांबू दे.

रुजू होऊन चार महिने झाले होते. केस होती एका पंजाबी आजींची. पक्षाघातानंतर उजवी बाजू निकामी झालेली. आंघोळ, कपडे, संडास, भरवणं, सगळं सून करायची. मी गेले तेव्हा आजींची वेणी घातलेली होती, चादर स्वच्छ होती, खोलीला कसलाही वास नव्हता. मला आमच्या घरचीच आजी आठवली. ऑफिसात येऊन असेसमेंटमध्ये, म्हणजे माणसाला कसली मदत लागते ते तपासण्याच्या फॉर्ममध्ये, लिहिलं: ‘सर्व गरजा कुटुंब भागवते, पात्र गरजा नाहीत.’ केस बंद केली. त्या घराबद्दल जे कौतुक वाटलं होतं, तेच मी फॉर्ममध्ये उतरवलं होतं.

सात आठवड्यांनी आजींना उचलताना सुनेची पाठ धरली. तिला पलंगावरून उठता येईना. त्या रात्री आजींना एका केअर होममध्ये हलवावं लागलं. तिथे कुणालाच पंजाबी येत नव्हतं. त्यांना उचलायला किती माणसं लागतात, रात्री किती वेळा उठवावं लागतं, घास केवढा द्यायचा, यातलं अक्षरही आमच्या रेकॉर्डमध्ये नव्हतं. गरजच नाही म्हटल्यावर असणार कुठून? आजींनी दोन दिवस काही खाल्लं नाही. ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

आता चूक नेमकी कुठे झाली ते बघा. प्रौढांच्या देखभालीचा इथला कायदा म्हणजे केअर ॲक्ट, २०१४ चा, १ एप्रिल २०१५ पासून लागू. कलम ९ खाली असेसमेंट. गरज काउन्सिलच्या मदतीला पात्र आहे का, ते ठरवायच्या नियमांत तीन प्रश्न: गरज आजारपणातून किंवा अपंगत्वातून आलीय का, यादीतल्या दहा गोष्टींपैकी (खाणं, आंघोळ, कपडे वगैरे) दोन किंवा जास्त माणसाला जमत नाहीत का, आणि त्याचा त्याच्या जगण्यावर मोठा परिणाम होतो का. ‘जमत नाही’ याचा अर्थही नियमांतच दिलाय. मदतीशिवाय होत नाही, खूप दुखतं किंवा घालमेल होते, जिवाला धोका होतो, नेहमीपेक्षा फारच वेळ लागतो, यातलं काहीही असलं तरी ‘जमत नाही’. हे तिन्ही प्रश्न घरात दुसरं कुणी नाहीच असं धरून सोडवायचे. सून, मुलगा, शेजारी, कुणीही नाही. गरज पात्र ठरली की मगच कलम १८ कडे जायचं. केअरर, म्हणजे सांभाळणारं घरचं माणूस, जी गरज आज भागवतोय ती भागवण्याची सक्ती काउन्सिलवर नाही, असं तिथे म्हटलंय. पण ती गरज पात्र म्हणून कागदावर राहते. कर्ज भावाने फेडलं म्हणून कर्ज नव्हतंच असं कुणी वहीत लिहीत नाही. मी नेमकं तेच लिहिलं होतं.

आपल्याकडून ही चूक जास्त होते असं माझं ठाम मत आहे. भारतात २००७ च्या कायद्याने म्हाताऱ्या आईवडिलांना पोसणं हे मुलांचं कर्तव्य ठरवलंय, आणि कायदा नसता तरी आपण तसंच मानलं असतं. इंग्लंडमध्येही जुन्या पुअर लॉ (गरिबांच्या मदतीचा कायदा) खाली नातेवाइकांवर ती जबाबदारी होती. १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स ॲक्टने पुअर लॉ संपवला, तिथे ती गेली. सज्ञान मुलगा किंवा सून इथे कायद्याने बांधलेली नाही. म्हणून कलम १० केअररच्या असेसमेंटमध्ये विचारतं: आज तिला हे झेपतंय का, पुढे झेपेल का, तिची आज तयारी आहे का, पुढे राहील का? मी यातलं एक विचारलं, ‘सब ठीक है ना?’, आणि तेही सासूबाईंसमोर. सासूसमोर कुठली सून नाही म्हणेल? तिच्याशी वेगळं बोला. स्वयंपाकघरात, दारात, फोनवर, कुठेही, पण वेगळं.

घाबरू नका. पहिल्या वर्षी फॉर्म सगळ्यांचेच परत येतात. माझ्या सीनियरने एक असेसमेंट तीनदा परत पाठवलं, दर वेळी समासात ‘हे तुला कसं कळलं?’ एवढंच लिहून. तेव्हा राग यायचा. आता सांगते, जो गुपचूप तुमचा फॉर्म दुरुस्त करून देतो त्याच्यापेक्षा परत पाठवणारा धरा. ‘हे वाक्य टाक, पॅनेल (खर्च मंजूर करणारी समिती) पास करतं’ म्हणणाऱ्यांच्या तयार वाक्यांच्या फाइली घेऊच नका. कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या लॉ कमिशनने २०११ मध्ये सुचवलं म्हणून १९४८ पासूनचे विखुरलेले कायदे एकत्र येऊन हा एक केअर ॲक्ट झाला. कलमं छोटी आहेत. मूळ वाचा, आणि सरकारी मार्गदर्शिकेचं सहावं प्रकरण दोनदा वाचा. वेल्समध्ये नोकरी असेल तर तिथला कायदा वेगळा.

पैशांचं थोडक्यात. २३,२५० पौंडांच्या वर बचत आहे म्हणून असेसमेंट नाकारता येत नाही, हिशेब नंतरचा. ८६,००० पौंडांच्या खर्चमर्यादेबद्दल (माणसाला स्वतःच्या देखभालीवर आयुष्यभरात जास्तीत जास्त किती खर्च करावा लागेल, ती मर्यादा) घरचे विचारतील. ती ऑक्टोबर २०२५ पासून येणार होती, जुलै २०२४ मध्ये सरकारने रद्द केली. तसं सरळ सांगा, आशेवर ठेवू नका.

आजींची केस मी मागून घेतली. या वेळी सुनेला फोन करून वेगळं भेटले. सकाळचं ती आनंदाने करेल म्हणाली, पण उचलायचं काम आता नाही. बुधवारी दुपारी फिजिओथेरपी आणि रविवारी गुरुद्वारा, एवढा वेळ तिला हवा होता. मी ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. डायरेक्ट पेमेंटमधून, म्हणजे मदतनीस स्वतः ठेवायला काउन्सिल जे पैसे देते त्यातून, पंजाबी बोलणारी एक बाई मिळायला अकरा आठवडे लागले.